पुन्हा पुन्हा जोडता येणारे साहित्य आणि प्राथमिक वर्गातील विज्ञान-गणिताचे तास

वर्गात एखाद्या गटाचा पूल उभा राहिला आणि त्यावर वजन टिकले, की तो कपाटावर मांडून ठेवावा असे मुलांना वाटते, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही वाटते. ठोकळे, छिद्रांच्या पट्ट्या, काड्या व सांधे, दातेरी चाके अशा साहित्याचा खरा उपयोग मात्र तो पूल सोडवायला घेतल्यावर सुरू होतो. डिंकाने चिकटवलेल्या प्रतिकृतीत चूक सापडली तरी ती तशीच राहते, कारण दुरुस्ती म्हणजे सगळे फाडणे. सुट्या भागांच्या रचनेत तीच चूक दोन मिनिटांत सोडवून, बदलून पुन्हा तपासता येते. म्हणून पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: तासाची आखणी एका बांधणीसाठी नव्हे, तर दोन बांधण्यांसाठी करावी. पहिल्या बांधणीत मुलांना काय वाटते ते दिसते आणि दुसरीत त्यांना काय कळले ते दिसते.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित हे विषय एकत्र गुंफून शिकवण्याला ‘स्टेम’ म्हणतात. नाव नवे असले तरी हाताने बांधून शिकण्याची रीत जुनी आहे. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली आणि जिला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले, तिच्यातील साहित्यात एक लाकडी घन होता. तो आठ सारख्या लहान घनांत सुटा होत असे आणि पुन्हा एक घन होत असे. पुढे १९०१ मध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी इंग्लंडमध्ये समान अंतरावर छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्यांचे एकस्व घेतले. तेच साहित्य नंतर ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गेले. त्यातील दोन छिद्रांमधले अंतर अर्धा इंच असते. या दोन्ही साहित्यांत एक साम्य आहे आणि खरेदी करताना तेच पाहावे: प्रत्येक भाग एकाच मूळ मापाच्या पटीत असतो.

साहित्य निवडताना

मूळ माप एकच असणे ही केवळ सोय नसून त्यातच निम्मे गणित आहे. कॅरोलिन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या लाकडी ठोकळ्यांत जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४ असते, त्यामुळे दोन अर्धे ठोकळे एका पूर्ण ठोकळ्याइतके भरतात हे मुलांना सांगावे लागत नाही, भिंत बांधताना एक तुकडा कमी पडला की ती स्वतःच शोधतात. लेगोच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांत दोन खुंट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर असते, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते आणि चपट्या तुकड्याची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन चपटे तुकडे एकावर एक ठेवले की एका ठोकळ्याची उंची होते. वेगवेगळ्या संचांतील उरलेसुरले भाग एका खोक्यात गोळा केले तर हे नाते तुटते, आणि मुलांचा वेळ विचारात न जाता जुळणारा तुकडा शोधण्यात जातो. देणगी म्हणून आलेले मिश्र साहित्य नाकारू नये, पण ते मोकळ्या खेळाला ठेवावे. तासासाठी एका जातीचे साहित्य पुरेशा संख्येने असावे. पाच प्रकारांचे थोडे थोडे साहित्य घेण्यापेक्षा एकाच प्रकारचे भरपूर घेणे केव्हाही चांगले, असे माझे मत आहे.

तयार संच नसला तरी काम अडत नाही. जाड पन्हळी पुठ्ठ्याच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांत दर दोन सेंटिमीटरवर छिद्र पाडले, की उत्तम पट्ट्या तयार होतात. पट्टी कापताना पन्हळीची दिशा पाहावी: पन्हळी पट्टीच्या लांबीला समांतर असेल तर पट्टी ताठ राहते, आडवी असेल तर ती जागोजागी मोडते. हा फरक मुलांना आधी दोन्ही पट्ट्या हातात देऊन वाकवायला लावावा आणि मग पट्ट्या कापायला घ्याव्यात. छिद्रे साच्यावर ठेवूनच पाडावीत, कारण एका छिद्रात दोन मिलिमीटरची चूक झाली की पुढे संपूर्ण चौकट तिरकी येते. जोडण्यासाठी लहान नट-बोल्ट किंवा पाय उलगडणाऱ्या पिना चालतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे सांधे म्हणून वापरून काड्यांच्या त्रिमिती रचना करण्याची युक्ती अरविंद गुप्ता यांनी अनेक दशकांपूर्वी रूढ केली. काडी ट्यूबमध्ये घट्ट बसते, ओढली की निघते आणि ट्यूबचा तुकडा अनेकदा वापरता येतो. वर्गासाठी काड्या आठ-दहा सेंटिमीटरच्या असाव्यात आणि सगळ्या एकाच लांबीच्या असाव्यात.

ट्रे आधीच भरून ठेवावेत

सुरुवातीच्या काळात मी एक मोठे खोके वर्गाच्या मधोमध ठेवून सहा गटांना “हवे ते घ्या” असे सांगितले होते. निम्मा तास बोल्ट शोधण्यात आणि उरलेला तो कोणी जास्त घेतला या वादात गेला. त्यानंतर प्रत्येक गटासाठी एक उथळ ट्रे आणि सर्व ट्रेंत अगदी सारखे भाग, असा नियम मी कधी मोडला नाही. सारखेपणाचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे: एका गटाचा पूल जास्त वजन पेलतो तेव्हा त्याचे कारण जास्त साहित्य हे असू शकत नाही, म्हणून मुलांची नजर आपोआप रचनेकडे वळते.

गट तिघांचा असावा. चौथे मूल बहुधा प्रेक्षक होते, आणि दोघांच्या गटात मतभेद झाला की तो सोडवणारे कोणी उरत नाही. एकाने बांधावे, एकाने भाग द्यावेत व मोजावेत, एकाने चित्र काढावे व नोंदी ठेवाव्यात, आणि दुसऱ्या बांधणीच्या वेळी ही कामे सक्तीने बदलावीत. ही सक्ती महत्त्वाची आहे. मुलांवर सोडले तर ज्याचे हात चपळ तोच दरवेळी बांधतो आणि जिचे अक्षर चांगले ती दरवेळी लिहीत बसते.

छिद्रांच्या पट्ट्यांच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या लांबीच्या मिळून २४ पट्ट्या आणि ३० नट-बोल्ट पुरतात. ठोकळ्यांचे ४० नग पुरे. ट्रेच्या तळाशी भागांची बाह्यरेखा काढलेला कागद चिकटवावा म्हणजे रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. लहान बोटांना नट आवळणे जड जाते, म्हणून पंखांचे नट मिळाले तर तेच घ्यावेत; ज्या मुलांच्या बोटांत ताकद कमी आहे त्यांना तर त्यांच्यामुळे बरोबरीने काम करता येते.

८० मिनिटांची आखणी

जोडतास मिळाला तर उत्तम. नाहीतर ४० मिनिटांचे दोन तास लागोपाठच्या दिवशी घ्यावेत आणि मधल्या रात्री रचना ट्रेमध्येच तशी ठेवावी. पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न मांडावा आणि मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा. पुढची वीस मिनिटे पहिली बांधणी, दहा मिनिटे चाचणी, वीस मिनिटे सोडवून दुसरी बांधणी, दहा मिनिटे पुन्हा चाचणी व नोंद, आणि शेवटची दहा मिनिटे भाग सुटे करून मोजून ठेवणे. या आखणीत सर्वात आधी दुसऱ्या बांधणीचा बळी जातो, कारण पहिली बांधणी नेहमीच लांबते. म्हणून पहिल्या बांधणीची वेळ संपली की रचना अपुरी असली तरी तिची चाचणी घ्यावी. अपुरा पूल कुठे वाकतो हे पाहणे पुऱ्या पुलाकडे कौतुकाने पाहत बसण्यापेक्षा उपयोगी असते.

प्रश्न मोजता येईल असा असावा. “सुंदर पूल बांधा” हा प्रश्न नव्हे. “४० सेंटिमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन बाकांवर टेकणारा आणि मधोमध टांगलेल्या पेल्यातील जास्तीत जास्त वॉशर पेलणारा पूल या ट्रेमधील भागांतून बांधा” हा प्रश्न. चाचणीआधी एक गोष्ट वर्गाने मिळून ठरवावी: पूल हरला असे केव्हा म्हणायचे? तो कोसळल्यावर, की मध्यभागी एक सेंटिमीटर वाकल्यावर? वरवर किरकोळ वाटणाऱ्या या चर्चेत मुले पहिल्यांदा व्याख्या करायला शिकतात, तेव्हा तिला पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील. वॉशर एकेक करून, हळू सोडावेत. वरून टाकलेला वॉशर ठेवलेल्या वॉशरपेक्षा मोठा धक्का देतो. वॉशर नसतील तर पेल्यात मोजपात्राने पाणी ओतावे: एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक ग्रॅम असते, त्यामुळे पात्रावरचा आकडाच भार सांगतो. खाली परात ठेवण्यास विसरू नये.

दुसऱ्या बांधणीला एकच अट असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलांना हे जाचक वाटते, कारण त्यांना सगळा पूल नव्याने करायचा असतो. पण तीन बदल एकदम केल्यावर पूल सुधारला, तर त्यातला कोणता बदल उपयोगी पडला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि हा अनुभव एकदा वर्गात मुद्दाम घेऊ द्यावा.

पट्ट्यांची चौकट

माझ्या अनुभवात कोणत्याही साहित्यातून सर्वात जास्त निघते ते या एका साध्या कामातून. चार सारख्या पट्ट्या चार बोल्टांनी जोडून चौरस करावा आणि एक कोपरा बाजूला ढकलावा. चौरस कलंडतो आणि समभुज चौकोन होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण कितीही ढकलला तरी आकार सोडत नाही, कारण तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. चौकोनाचे तसे नसते. आता मुलांना विचारावे, “एकच पट्टी जास्त देतो, चौरस हलणार नाही असे करा.” काही गट बाजूलाच दुसरी पट्टी लावतात, काही मधोमध आडवी लावतात, आणि दोन्ही चौकटी पुन्हा कलंडतात. कर्णावर पट्टी जाईपर्यंत थांबावे; उत्तर सांगू नये.

कर्णाची पट्टी लावताना एक अडचण हमखास येते आणि ती आधीपासून माहीत असलेली बरी. चौरसाचा कर्ण बाजूच्या पूर्णांक पटीत येत नाही, त्यामुळे छिद्र जुळत नाही. बाजू ५ घरांची असेल, म्हणजे तिच्यावर दोन टोकांच्या छिद्रांत ५ अंतरे असतील, तर कर्ण ७ घरांपेक्षा किंचित मोठा येतो. एक टक्क्याच्या आसपासचा हा फरक सैल छिद्रांत सामावून जातो आणि पट्टी बसते. १० घरांच्या बाजूला १४ घरांची पट्टी तशीच ओढूनताणून बसते. पण आयत ६ आणि ८ घरांचा केला तर १० घरांची पट्टी तंतोतंत बसते, कारण ६ चा वर्ग आणि ८ चा वर्ग मिळून १० चा वर्ग होतो. पायथागोरसचे नावही न घेता नऊ-दहा वर्षांची मुले “६-८-१० बसते, ६-७ ला काहीच नीट बसत नाही” अशी यादी स्वतः करतात. येथे मोजणीचा एक सापळा आहे: ६ घरांच्या पट्टीला ७ छिद्रे असतात, ८ घरांच्या पट्टीला ९ आणि १० घरांच्या पट्टीला ११. मुले छिद्रे मोजतात आणि ६, ८ व १० छिद्रांच्या पट्ट्या घेतात, ज्यांत घरे ५, ७ व ९ असतात आणि काहीच जुळत नाही. ही चूक होऊ द्यावी. झाडांमधली अंतरे मोजायची की झाडे, हा प्रश्न गणितात पुढे पुन्हा पुन्हा येतो आणि तो येथे बोटाने शिकला जातो. कोपऱ्याच्या बोल्टमध्ये आता तीन पट्ट्या येतात, म्हणून थोडे लांब बोल्टही ट्रेमध्ये असावेत, नाहीतर नट दोन आट्यांवर लोंबकळत राहतो आणि चौकट विनाकारण सैल होते.

पुढच्या टप्प्यात कर्णाच्या पट्टीऐवजी दोरी बांधायला सांगावे. चौकट एका बाजूला ढकलली की दोरी ताणली जाते आणि चौकट थांबते; दुसऱ्या बाजूला ढकलली की दोरी सैल पडते आणि चौकट कलंडते. दोरी ताण सोसते, दाब सोसत नाही, आणि पट्टी दोन्ही सोसते. दोन्ही कर्णांवर दोऱ्या बांधल्या की चौकट पुन्हा पक्की. पुलाच्या कोणत्या पट्टीला ताण आहे आणि कोणत्या पट्टीला दाब, हे ओळखण्याची युक्ती मुलांच्या हाती यातूनच येते: तेथे दोरी लावून पाहावी.

चौथी-पाचवीच्या मुलांना मग पंचकोन आणि षटकोन करू द्यावा. तीन सांध्यांना तीन पट्ट्या, चार सांध्यांना पाच, पाच सांध्यांना सात, सहा सांध्यांना नऊ, असे कोष्टक फळ्यावर भरत जावे. प्रत्येक नवा सांधा पक्का करायला दोन पट्ट्या लागतात हे कोणीतरी ओरडून सांगतेच. काड्या आणि ट्यूबचे सांधे असतील तर हाच खेळ त्रिमितीत नेता येतो: सहा काड्यांचा चार त्रिकोणी बाजूंचा मनोरा लगेच ताठ उभा राहतो, पण बारा काड्यांचा घन जेलीसारखा हलतो आणि त्याच्या सहाही बाजूंवर एकेक कर्ण द्यावा लागतो. म्हणजे आठ सांध्यांना अठरा काड्या. कर्णाच्या काड्या अर्थातच लांब हव्यात, त्या आधी कापून ठेवाव्यात. सांधे आणि पट्ट्या यांच्या मोजणीचा हा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये मांडला. मुलांना सूत्राची गरज नाही, पण शिक्षकाला तो ठाऊक असला तर कोणत्या गटाची चौकट का हलते हे तीन सेकंदांत मोजून कळते.

हलणारा चौरस टाकून देऊ नये. तो चौकटीच्या कागदावर ठेवून हळूहळू कलंडवत प्रत्येक वेळी आतले चौकोन मोजले, तर परिमिती तीच राहून क्षेत्रफळ कमी कमी होत जाते. परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळही सारखे, ही समजूत व्याख्या पाठ करून जात नाही, या चौकटीने जाते.

पट्टी आडवी आणि उभी

साधी लांब पट्टी दोन बाकांवर आडवी टेकवून मध्ये वजन टांगले की ती वाकते. तीच पट्टी धारेवर उभी धरली की वाकणे जवळजवळ दिसत नाही. पट्टीची रुंदी जाडीच्या दहापट असेल तर उभी पट्टी आडव्या पट्टीपेक्षा शंभरपट ताठ असते. हे उदाहरण पूल बांधण्यापूर्वी दाखवू नये. पहिल्या बांधणीत बहुतेक गट पट्ट्या आडव्या टाकतात. चाचणीनंतर ट्रेमधली एक सुटी पट्टी त्यांच्या हाती देऊन दोन्ही बाजूंनी वाकवायला लावावे आणि काहीही न बोलता पुढच्या गटाकडे जावे. उभी पट्टी बाजूला पडते, ही नवी अडचण ते स्वतः सोडवतील. अंतराचाही प्रयोग करता येतो: दोन टेकूंमधले अंतर निम्मे केले, तर तेवढ्याच वजनाने होणारा बाक आठव्या हिश्शावर येतो. मुलांच्या मोजमापात नेमका आठवा हिस्सा येणार नाही, पण निम्म्यापेक्षा फारच कमी आला हे दिसते, आणि तेवढे पुरे.

ठोकळ्यांची कामे

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी भिंतीपासून सुरुवात करावी. एक भिंत अशी की प्रत्येक थराचा सांधा खालच्या सांध्याच्या बरोबर वर येतो, दुसरी अशी की प्रत्येक ठोकळा खालच्या दोन ठोकळ्यांवर निम्मा निम्मा बसतो. दोन्ही भिंतींना एकाच जागी बोटाने हलके ढकलावे. पहिली भिंत खांबांसारखी सुटी सुटी पडते, दुसरीत ढकललेला ठोकळा शेजाऱ्यांना सोबत घेतो. दुसऱ्या भिंतीच्या कडेला अर्धा ठोकळा लागतो, आणि अपूर्णांक येथे गरज म्हणून भेटतो.

मोठ्या मुलांसाठी एक काम मला विशेष आवडते. २४ सेंटिमीटर लांबीचे चार सारखे ठोकळे किंवा जाड लाकडी पट्ट्या घेऊन टेबलाच्या कडेला एकावर एक ठेवाव्यात आणि प्रश्न विचारावा: सर्वात वरची पट्टी पूर्णपणे टेबलाच्या बाहेर जाईल अशी रचना डिंक न लावता करता येईल का? सगळा वर्ग नाही म्हणतो. युक्ती अशी की काम वरून खाली करायचे. आधी फक्त सर्वात वरची पट्टी पडण्याच्या बेताला येईपर्यंत बाहेर सरकवावी. मग वरच्या दोन मिळून, मग तीन मिळून, मग चारही. सरकणे अनुक्रमे लांबीच्या १/२, १/४, १/६ आणि १/८ इतके मिळते, म्हणजे १२, ६, ४ आणि ३ सेंटिमीटर. बेरीज २५ येते, आणि पट्टी २४ सेंटिमीटरची आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी दोन मिलिमीटर कमी सरकवावे, तरीही वरची पट्टी कशीबशी संपूर्ण बाहेर राहते. पट्ट्या वाकलेल्या असतील तर हे साधत नाही, म्हणून आदल्या दिवशी स्वतः करून पाहावे. गुरुत्वमध्य हा शब्द या कामानंतर सांगितला तर तो लक्षात राहतो; आधी सांगितला तर तो फक्त वहीत राहतो.

खुंट्यांच्या ठोकळ्यांतून पद्धतशीर मोजणी चांगली शिकवता येते. दोन ओळींत चार चार खुंट्या असलेला एक लाल ठोकळा खाली आणि तसाच पिवळा वर, इतकेच घेऊन विचारावे की ते किती प्रकारे जोडता येतील. मुले सात-आठ प्रकारांवर थांबतात. संपूर्ण रचना फिरवून जी सारखी दिसते ती एकच धरली, तर उत्तर २४ आहे: ठोकळे समांतर असताना ११ आणि एकमेकांना आडवे असताना १३. हे उत्तर शोधताना मुलांना आधी ठरवावे लागते की सारखे म्हणजे काय, आणि मग एक खुंटी सरकवत क्रमाने जावे लागते. चाचपडत केलेली मोजणी येथे टिकत नाही. असेच सहा ठोकळे घेतले तर प्रकार ९१,५१,०३,७६५ होतात, हे शेवटी नुसते सांगून टाकावे.

दातेरी चाके

येथे थोडक्यात. २४ दात्यांचे चाक ८ दात्यांच्या चाकाला लावले की मोठ्याच्या एका फेरीत लहान चाक तीन फेऱ्या घेते. दात्यावर खडूची खूण करून मोजावे. शेजारची चाके उलट दिशांना फिरतात. मध्ये तिसरे चाक घातले तर शेवटच्या चाकाची दिशा बदलते, फेऱ्यांचे प्रमाण बदलत नाही, आणि या निरीक्षणावर वर्गात बराच वाद होतो. मग तीन चाके त्रिकोणात एकमेकांना लावायला सांगावीत. ती अडकतात. चार चाकांचे वर्तुळ फिरते, पाचांचे अडकते. सम आणि विषम संख्यांचा असा ठोस उपयोग मुलांनी याआधी पाहिलेला नसतो.

शिक्षकाने काय बोलावे

तासाभरात शिक्षकाने मुलांच्या रचनेला हात लावू नये, हा नियम पाळणे पाळायला लावण्यापेक्षा कठीण आहे. एक बोल्ट आवळून दिला तरी ती रचना आता तुमची झाली. त्याऐवजी बोट दाखवून विचारावे: “आधी कुठे वाकले?” “ही पट्टी काढली तर काय होईल असे वाटते?” “या दोन पट्ट्यांपैकी कोणती ताणली जाते आहे?” उत्तर आल्यावर पट्टी खरोखर काढून पाहायला सांगावे. ‘छान’ या शब्दाने संभाषण संपते. “तुमचा खांब मागच्या वेळी डावीकडे झुकत होता, आता नाही” या वाक्याने ते सुरू होते. वर, खाली, समांतर, आडवा, तिरका, मधोमध, कडेला हे शब्द शिक्षकाने मुद्दाम आणि अचूक वापरावेत, कारण “हे इथे लाव” म्हणून बांधणारा गट पुढे नोंद लिहिताना अडतो.

वजन पेलण्याच्या स्पर्धेत कोण जिंकले यापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या बांधणीत कोणाचा फरक सर्वात मोठा, हे फळ्यावर लिहावे. पहिल्या वेळी सपशेल कोसळलेल्या गटाला यात पुढे येण्याची संधी मिळते.

सोडवणे, धुणे आणि जपणे

सुटे करणे हा तासाचा भाग आहे; तो शिपायाचा किंवा मागे राहिलेल्या दोन मुलांचा नाही. अडकलेले चपटे तुकडे मुले दाताने काढतात, म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये तुकडे सोडवण्याची पट्टी ठेवावी. प्लास्टिकचे ठोकळे जाळीच्या पिशवीत घालून साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवावेत. पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसावे आणि ठोकळे कडक उन्हात वाळवू नयेत. लाकडी ठोकळे भिजवू नयेत, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावेत. धातूच्या पट्ट्या ओल्या राहिल्या की गंजतात. चिरलेला ठोकळा आणि आटे गेलेला बोल्ट त्याच दिवशी बाजूला काढावा, कारण असा एक भाग पुढच्या चाचणीतला निष्कर्ष बिघडवतो.

लहान आणि शक्तिशाली चुंबकांचे संच प्राथमिक वर्गात आणूच नयेत: दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढून गंभीर इजा करतात. मोटारीच्या संचात बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतील, तर त्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे आणि तो स्क्रू शिक्षकाने स्वतः पाहावा.

नोंद

सोडवण्यापूर्वी रचनेचे दोन फोटो घ्यावेत, एक समोरून आणि एक बाजूने. कॅमेरा नसेल तर नोंद ठेवणाऱ्या मुलाचे चित्र पुरते, किंबहुना चित्र काढताना सांधे मोजावे लागतात म्हणून ते अधिक चांगले. चित्राखाली तीन वाक्ये असावीत: काय बदलले, का बदलले आणि आकडा किती झाला. धावणाऱ्या गाडीचे किंवा उतरणीवरून घरंगळणाऱ्या गोटीचे अंतर मोजायचे असेल तर तीन वेळा मोजून मधला आकडा लिहावा. सरासरी शिकण्याआधीच्या वर्गांतही हे जमते, आणि एखादी फसलेली धाव आकडा बिघडवत नाही.

या नोंदींना गुण देण्याआधी एक काम करावे. पुढच्या तासाला वह्यांची अदलाबदल करावी आणि प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाची दुसरी बांधणी केवळ त्याच्या वहीवरून उभी करावी. मूळ गटाने शेजारी उभे राहावे, पण बोलू नये. पट्टी किती छिद्रांची, कर्ण कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात, उभी की आडवी, हे जेथे लिहिलेले नसेल तेथे बांधणारा गट थांबतो आणि मूळ गट तोंडावर हात धरून अस्वस्थ होतो. मग वह्या परत द्याव्यात आणि राहिलेले तपशील लाल पेन्सिलीने भरायला दहा मिनिटे द्यावीत.